आतड्यातल्या जिवाणूंचे फोटो: बघायचे कसे, स्वतः काढायचे कसे आणि चार्टवर चित्र करायचं कसं

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडून भाचीचा फोन आला, शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिच्या गटाला पचनसंस्था आली होती, त्यात आतड्यातले जिवाणू असा एक मोठा चार्ट करायचा होता. तिने मोबाईलवर मला तीन चित्रं पाठवली. एकात हिरवीगार लांबट गोळी आणि तिला चहूबाजूंनी केस, दुसऱ्यात गुलाबी बारीक बारीक काड्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर, तिसऱ्यात राखाडी रंगाचं आडवं कापल्यासारखं काहीतरी. तिन्हीखाली नाव एकच, ई. कोलाय, आतड्यातला एक जिवाणू. "आत्या, ह्यातलं खरं कुठलं गं? सर विचारायलेत."

मी बेळगावात लॅबमध्ये काम करते, रोज मायक्रोस्कोपवर बसते, तरी मला फोनवर दोन वाक्यात सांगता आलं नाही. कारण तिन्ही खरी होती आणि तिन्हीतला एकही रंग त्या जिवाणूचा स्वतःचा नव्हता. मग मी रविवारी गावाला गेले आणि तिला व तिच्या मैत्रिणींना दाखवलं, आणि जे दाखवलं ते इथं सविस्तर लिहितेय म्हणजे दुसऱ्या कुणाला, विशेषतः आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांतल्या सर-बाईंना, उपयोगी पडेल. थोडं लांबलंय, पण निवांत वाचा.

आधी चित्र वाचायला शिका

जिवाणू हा जवळजवळ बिनरंगाचा असतो. पाण्याच्या थेंबात काचेचा तुकडा टाकला तर जसा दिसेल न दिसेल तसा. म्हणून जिवाणूचं कुठलंही चित्र समोर आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की हा रंग कुणी दिला आणि कशाने दिला.

गुलाबी किंवा जांभळ्या काड्या, गोल ठिपके, पांढरी पार्श्वभूमी असं असेल तर तो साध्या मायक्रोस्कोपचा फोटो, आणि रंग ग्रॅम स्टेनचा, म्हणजे जिवाणू रंगवायच्या एका पद्धतीचा. डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी बर्लिनमध्ये काम करताना ही पद्धत 1884 साली मांडली आणि आज 140 वर्षं झाली तरी आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी हेच चाललेलं असतं. जांभळे राहिले ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी झाले ते ग्रॅम निगेटिव्ह. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण पेशंटसुद्धा विचारतात, पॉझिटिव्ह म्हणजे चांगला आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट असं अजिबात नाही. तो फरक फक्त भिंतीचा. पॉझिटिव्हवाल्यांची पेशीभित्तिका जाड असते, तिच्यात जांभळा रंग आणि आयोडीन मिळून अडकून बसतात, निगेटिव्हवाल्यांची पातळ असते आणि तिच्यावर चरबीचं आणखी एक आवरण असतं, अल्कोहोलने ते आवरण सुटतं आणि रंग धुऊन जातो. मग दुसरा गुलाबी रंग लावला की ते दिसायला लागतात, एवढंच.

फुगीर, उठावदार, जणू हातात घेता येईल असं चित्र असेल, सावल्याबिवल्या पडलेल्या, तर ते स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं. त्यात नमुना वाळवून त्यावर सोन्यासारख्या धातूचा अगदी पातळ थर देतात आणि निर्वात नळीत ठेवून इलेक्ट्रॉनचा झोत फिरवतात. तिथं उजेडच नाही म्हटल्यावर रंग कुठला, मूळ चित्र कृष्णधवलच येतं, हिरवा, केशरी, निळा हे सगळं नंतर कॉम्प्युटरवर भरलेलं. भरण्यात काही चूक नाही, डोळ्याला वेगळं कळावं म्हणून भरतात, पण मुलांना तसं सांगायला पाहिजे. आणि राखाडी, कापलेल्या कांद्यासारखं, आतलं दिसणारं चित्र म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं, त्यात नमुन्याचा अतिशय पातळ काप घेतलेला असतो.

चौथा प्रकार काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरवे, निळे चमकणारे ठिपके. त्यात मात्र रंगाला अर्थ असतो. ठरावीक जातीच्या जिवाणूलाच चिकटेल असा चमकणारा रेणू वापरतात, म्हणजे लाल ती एक जात, हिरवी ती दुसरी. अशा चित्राखाली कुठला रंग कुणाचा ते लिहिलेलंच असतं, ते न वाचता चित्र उचलू नका.

दुसरा प्रश्न, मोजपट्टी कुठाय? चांगल्या फोटोत कोपऱ्यात एक छोटी रेघ असते आणि शेजारी 2 किंवा 10 मायक्रॉन असं लिहिलेलं असतं, त्याला स्केल बार म्हणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ई. कोलाय साधारण 2 मायक्रॉन लांब आणि एक मायक्रॉनपेक्षा थोडा कमी रुंद. आपली तांबडी रक्तपेशी 7 ते 8 मायक्रॉन. "दहा हजार पट मोठं केलेलं चित्र" असं लिहिलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नका, कारण तुम्ही ते मोबाईलवर बघता की भिंतीवर प्रोजेक्टर लावून, त्याप्रमाणे ती पट बदलते, स्केल बार मात्र चित्राबरोबरच लहानमोठा होतो म्हणून तो कधी खोटं बोलत नाही.

आजकाल आणखी एक झालंय, एआयने केलेली चित्रं. चकचकीत असतात, पण त्यामागे कुठला नमुना नाही, कुठला मायक्रोस्कोप नाही, आणि स्केल बार असलाच तर तोही नुसता काढलेला. शाळेच्या चार्टवर ती लावू नका असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची पब्लिक हेल्थ इमेज लायब्ररी फुकट आहे, त्यातले बरेचसे फोटो कुणीही वापरू शकतं, फक्त प्रत्येक फोटोखाली काय लिहिलंय ते बघून घ्या आणि चार्टवर कुठून घेतला ते लिहा.

आकार ओळखणं, आणि त्याची मर्यादा

आतड्यात काय काय असतं ते थोडक्यात. ई. कोलाय म्हणजे गुलाबी आखूड काडी, म्युनिकच्या थिओडोर एशेरिश या मुलांच्या डॉक्टरांनी 1885 साली तान्ह्या बाळांच्या शौचातून शोधून काढला, त्यांच्याच नावावरून पुढे नाव पडलं. बॅक्टेरॉइड्स ही पण गुलाबी काडी, आणि मोठ्या आतड्यात ती ई. कोलायपेक्षा कितीतरी जास्त असते. एन्टेरोकॉकस म्हणजे जांभळे गोल, जोडीने किंवा छोट्या माळेत. क्लॉस्ट्रिडियम जांभळी मोठी काडी, काहींच्या टोकाला बीजाणू फुगलेला असतो मग ती ढोलाच्या टिपरीसारखी दिसते. बिफिडोबॅक्टेरियम माझा सगळ्यात आवडता, त्याला फाटे फुटतात, गलोलीच्या बेचक्यासारखे, पॅरिसच्या हेन्री टिसिए यांनी 1899 च्या सुमारास आईचं दूध पिणाऱ्या बाळांत तो बघितला. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ स्वल्पविरामासारखा वाकडा. हेलिकोबॅक्टर पायलोरी मळसूत्री, पण तो आतड्यातला नाही, जठरातला, तो चार्टवर आतड्यात काढू नका.

आता मर्यादा. नुसता आकार आणि रंग बघून जात ओळखता येत नाही. आपल्या पोटात सुखाने राहणारा ई. कोलाय आणि जुलाब लावणारा ई. कोलाय, दोन्ही गुलाबी काड्याच, माझ्यासमोर दोन स्लाइड ठेवल्या तर मलाही सांगता येणार नाही. त्यासाठी कल्चर लावावं लागतं, म्हणजे जिवाणू वाढवून बघावे लागतात, मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर ई. कोलायच्या वसाहती गुलाबी येतात आणि त्यापुढेही तपासण्या असतात. हे एवढं जोर देऊन का सांगतेय, तर लोक शौच तपासणीच्या रिपोर्टवर "बॅक्टेरिया: प्रेझेंट" असं वाचून घाबरून येतात. मागे वडगावकडचे एक काका रिपोर्ट आणि मोबाईलवर शोधलेला फोटो दोन्ही घेऊन आले होते, हात कापत होते त्यांचे. अहो काका, शौचात जिवाणू नसतील तरच नवल, पाणी सोडून जे उरतं त्यात मोठा वाटा जिवाणूंचाच असतो. 2016 साली शास्त्रज्ञांनी परत नीट हिशेब केला तेव्हा 70 किलोच्या माणसात साधारण 38 लाख कोटी जिवाणू निघाले आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. वजन मात्र सगळे मिळून पाव किलोच्या आत. तेव्हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, शौचात रक्त असेल किंवा लहान मूल सुकत चाललं असेल तर फोटो जुळवत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

स्वतःची स्लाइड: दह्यापासून सुरुवात

घरी किंवा शाळेत शौचाची स्लाइड करायची नाही. ते काम लॅबचं, तिथं ग्लोव्ह्ज, विल्हेवाट, सगळं ठरलेलं असतं. पण आतड्यातल्यांचे नात्यातले लोक आपल्या स्वयंपाकघरात रोज असतातच, दही. मोसरू म्हणा नाहीतर दही म्हणा, विरजणात काड्यासारखे लॅक्टोबॅसिलस आणि माळेतले गोल असे दोन्ही मिळतात. लॅक्टोबॅसिलसची भावंडं आपल्या आतड्यातही राहतात. दह्यातले स्वतः मात्र तिथं बहुधा कायमचं घर करत नाहीत, पाहुण्यासारखे येऊन जातात.

दही ताजं पाहिजे, रात्री लावलं आणि सकाळी घेतलं असं. ह्यात मी स्वतः फसलेय. शिकत असताना मी तीन दिवसांचं आंबट ढाण दही घेतलं आणि ग्रॅम स्टेन केला, काड्या गुलाबी आल्या. मी वहीत ग्रॅम निगेटिव्ह लिहून टाकलं. आमच्या सरांनी स्लाइड बघितली, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "उद्या ताजं विरजण लावून आण बघू." दुसऱ्या दिवशी त्याच काड्या जांभळ्याधमक. म्हातारे झालेले, मरायला टेकलेले जिवाणू रंग धरून ठेवत नाहीत, भिंत कमजोर झालेली असते. तेव्हापासून मी कुठलाही फोटो बघताना नमुना किती जुना होता हे मनात विचारते.

दह्याचा गोळा घ्यायचा नाही, वरची निवळी घ्यायची, पाणी सुटतं ना ते. तिचा एक छोटा थेंब स्वच्छ स्लाइडवर, त्यात एक थेंब पाणी, आणि टूथपिकने रुपयाच्या नाण्याएवढा पातळ पसरवायचा. इतका पातळ की खाली छापलेला कागद ठेवला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. ह्या पसरवलेल्या थराला स्मिअर म्हणतात, जाड स्मिअर हीच सगळ्यात मोठी चूक होते, मुलांना वाटतं जास्त घेतलं की जास्त दिसेल, उलट सगळा निळा चिखल दिसतो. मग आपोआप वाळू द्यायचं. आपल्याकडे जुलैत, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर, ते वाळतच नाही, अर्धा अर्धा तास जातो, तेव्हा चुलीपासून लांब उबेला ठेवा पण फुंकू नका आणि ओलं असताना आगीवर धरू नका, उकळतं आणि सगळं फाटतं. पूर्ण वाळल्यावर स्लाइड चिमट्यात धरून स्मिअरची बाजू वर ठेवून स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा झर्रकन फिरवायची. मनगटाच्या मागच्या बाजूला लावली तर कोमट लागली पाहिजे, चटका नको.

शाळेसाठी एकच रंग पुरे, मेथिलीन ब्लू. केमिकलच्या दुकानात मिळतो, नाहीतर शोभेचे मासे विकणाऱ्यांकडे माशांचं औषध म्हणून मिळतो तोही चालतो. स्मिअरवर थेंब टाकून एक मिनिट, मग स्लाइड तिरकी धरून हळूच पाण्याने धुवायची, धार थेट स्मिअरवर नको. टिपकागदाने टिपायची, पुसायची नाही.

ग्रॅम स्टेन करायचाच असेल तर मोठं कुणीतरी शेजारी हवं. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवा. ग्रॅमचं आयोडीन एक मिनिट, धुवा. आता खरी कसोटी, अल्कोहोल. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडायचं आणि खाली ओघळणाऱ्या पाण्याचा जांभळा रंग बघत राहायचं, तो फिका होऊन थांबला की त्याच क्षणाला पाणी. हे बहुतेक दहा-पंधरा सेकंदात होतं. दोन थेंब जास्त पडले तर पॉझिटिव्हवालेही गुलाबी होतील, कमी पडले तर सगळंच जांभळं राहील. शेवटी सॅफ्रानिन एक मिनिट, धुवा, टिपा. अल्कोहोलची बाटली आणि पेटता दिवा एका टेबलावर ठेवायचा नाही, आधी दिवा विझवायचा मग झाकण उघडायचं.

एकाच स्लाइडवर जांभळे आणि गुलाबी दोन्ही बघायचे असतील तर स्वतःच्या दाताच्या फटीतला पांढरा मळ टूथपिकने घ्या. फक्त स्वतःचा, मैत्रिणीचा नाही. हॉलंडचे कापड व्यापारी लेव्हनहुक यांनी 1683 साली हाच दाताचा मळ बघून त्यातल्या हलणाऱ्या जिवांची चित्रं लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवली होती, आणि त्याआधी 1681 साली स्वतःला जुलाब झाले तेव्हा स्वतःचं शौचही त्यांनी भिंगाखाली घातलं. म्हणजे आपल्या ह्या विषयाची सुरुवातच तिथून झाली. काम झालं की स्लाइड आणि टूथपिक ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, हात साबणाने धुवा.

बघणं

आधी लहान लेन्सवर रंग कुठे आहे ते शोधायचं, मग मोठ्या. जिवाणू नीट बघायला शंभरची, म्हणजे शंभर पट मोठं दाखवणारी, लेन्स आणि तेल लागतं. स्लाइडवर एक थेंब सिडरवूड तेल, लेन्स त्या थेंबात टेकवायची, बाजूने डोळा लावून बघत बघत, आणि मग फक्त बारीक स्क्रू फिरवायचा. मोठा स्क्रू फिरवला की स्लाइड तडकते आणि लेन्सला ओरखडा. खालचा कंडेन्सर, म्हणजे उजेड गोळा करणारी लेन्स, पूर्ण वर, तिथला पडदा उघडा. आणि तेल लावल्यानंतर परत चाळीसच्या लेन्सवर जायचं नाही, ती तेलाची नसते, माखून जाते.

बऱ्याच शाळांत आरशाचा मायक्रोस्कोप असतो आणि शंभरची लेन्स नसते. चाळीसच्या लेन्सवरही निळी दह्याची स्लाइड थोडीफार दिसते, बारीक रेघा आणि ठिपके एवढं कळतं. धुक्यात आरशाला उजेड मिळत नाही तेव्हा मोबाईलचा टॉर्च पांढऱ्या कागदामागे धरून आरशाकडे फिरवा, छान एकसारखा उजेड येतो. आरशात थेट सूर्य मात्र घ्यायचा नाही, डोळा जाईल.

माझ्या भाचीने पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, मुंग्यांची रांग लागल्यासारखं दिसायलंय." आणि खरंच, फिकट निळसर पार्श्वभूमीवर गडद निळ्या गोल मण्यांची माळ, मध्येच दोन-तीन सरळ काड्या एकमेकीच्या टोकाला टोक लावून. ती फिकट निळसर पार्श्वभूमी म्हणजे दुधातलं प्रथिन, तेही रंग धरतं, ते जिवाणू नाही. आणि मध्येच एखादं मोठं अंडाकृती दिसलं, अंगाला छोटं पिल्लू चिकटलेलं, तर तो यीस्ट. मुलं त्यालाच "सापडला मोठा बॅक्टेरिया" म्हणतात, पण शेजारच्या मण्यांशी तुलना करा, तो कित्येक पट मोठा असतो.

मोबाईलने फोटो

मोबाईल आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या लेन्सवर, टेकवून फोटो येत नाही, एक-दीड सेंटीमीटर लांब धरावा लागतो. लांब-जवळ करत जायचं, आधी छोटा उजळ गोल दिसतो, तो वाढत वाढत पूर्ण कडेपर्यंत आला की थांबायचं. हात हलतो म्हणून पुठ्ठ्याची नळी करून आयपीसवर बसवा आणि तिच्यावर मोबाईल टेकवा, बाजारात अडॅप्टर मिळतात तेही चांगले. मोबाईलला दोन-तीन कॅमेरे असतील तर मुख्य कॅमेराच वापरा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, तीन सेकंदांचा टायमर लावा. फिल्टर, ब्युटी मोड बंद, तो मोड बारीक ठिपके डाग समजून पुसून टाकतो. आणि पहिला फोटो अख्खा गोल येईल असा काढा, झूम न करता, तो मोजमापासाठी लागणार आहे.

मोजमाप असं. सगळ्यात लहान, चारच्या लेन्सखाली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि गोलाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. बहुतेक मायक्रोस्कोपवर साडेचारच्या आसपास येतं. शंभरची लेन्स चारच्या पंचवीस पट, म्हणून साडेचार भागिले पंचवीस, म्हणजे 0.18 मिलिमीटर, म्हणजे 180 मायक्रॉन. आता तुमच्या फोटोत तो गोल समजा 2700 पिक्सेल रुंद आलाय, तर एका मायक्रॉनला 15 पिक्सेल. 10 मायक्रॉनची पट्टी म्हणजे 150 पिक्सेलची रेघ, ती कोपऱ्यात काढा आणि खाली लिहा. मग फोटो कापा, मोठा करा, काहीही करा, रेघ बरोबर राहते. आठवी-नववीच्या पोरींनी हे गणित दहा मिनिटांत केलं, पट्टी धरून, आणि त्यांच्या फोटोवर त्यांचा स्वतःचा स्केल बार आला.

फोटोखाली एवढं लिहायचंच: नमुना काय, किती तासांचा, कुठला रंग, कुठली लेन्स, तारीख.

चार्टवरचं चित्र

साध्या मायक्रोस्कोपला साधारण 0.2 मायक्रॉनपेक्षा बारीक काही वेगळं दाखवता येत नाही, ती प्रकाशाचीच मर्यादा. म्हणून फोटोत काडी दिसते, आतलं काही दिसत नाही, शेपट्या तर नाहीतच, त्या केवळ 20 नॅनोमीटर जाड, नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. आतलं दाखवायला हाताने काढलेलं चित्र लागतंच, आणि ते मापात काढलं तर त्यासारखं शिकवणारं दुसरं काही नाही.

आम्ही 1 मायक्रॉनला 5 सेंटीमीटर असं माप धरलं. ई. कोलाय झाला 10 सेंटीमीटर लांब, 4 सेंटीमीटर रुंद. त्याच्या शेपट्या, म्हणजे कशाभिका, 1 मिलिमीटर जाड आणि 25 ते 50 सेंटीमीटर लांब, म्हणजे अंगापेक्षा कितीतरी लांब, अंगावर कुठूनही निघालेल्या. दोन मिलिमीटरची कड म्हणजे भिंत आणि आवरणं. आत 1 मिलिमीटरचे ठिपके रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, ते हजारोंनी, पेन्सिलच्या टोकाने टिंब मारून मारून हात दुखतो. जिवाणूला खाणारा टी-फोर विषाणू शेजारी काढला तर तो जेमतेम 1 सेंटीमीटर. आणि तांबडी रक्तपेशी काढायला घेतली तर साडेसदतीस सेंटीमीटरचं ताट, तिला दुसरा ड्रॉइंग पेपर जोडावा लागला.

डीएनए कसा दाखवायचा यावर अडलं. ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या प्रसिद्ध वाणात साधारण 46 लाख अक्षरजोड्या असतात, तो धागा सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या वर लांब होतो, जिवाणूच्या सातशे-आठशे पट. आमच्या मापात ते 78 मीटर. पोरींनी शिवणाच्या रिळातला दोरा घेतला, मापात तो थोडा जाडच पडतो, पण पाऊस थांबलेला बघून शाळेच्या मैदानावर तो उलगडला, खो-खोच्या मैदानाची लांबी जवळजवळ तीनदा झाली. मग तोच दोरा गोळा करून त्या 10 सेंटीमीटरच्या चित्रावर डिंकाने चिकटवायला बसल्या. एक मुलगी म्हणाली, "एवढं सगळं ह्याच्यात मावतंय कसं ओ?" सर, मी, कुणी काही बोललो नाही, ती स्वतःच दोरा पिळून पिळून बसवायला लागली, आणि पिळ घालूनच तो आत बसतो हे तिला बोटांनी कळलं.

चित्रातल्या नेहमीच्या चुका सांगते कारण छापील तक्त्यांवरही असतात. मोठ्या आतड्यात बोटासारखे उंचवटे, विलाय, काढतात आणि त्यांच्यामध्ये जिवाणूंची गर्दी. विलाय लहान आतड्यात असतात, मोठ्या आतड्याची आतली बाजू तशी नसते, आणि गर्दी तर मोठ्या आतड्यात. शिवाय जिवाणू थेट आतड्याच्या पेशीला चिकटलेले दाखवतात, प्रत्यक्षात मध्ये शेंबडासारखा श्लेष्म्याचा थर असतो, मोठ्या आतड्यात तो दुहेरी असतो आणि आतल्या थरात जिवाणू जवळजवळ नसतातच, म्हणून तर एवढी गर्दी असून आपल्याला काही होत नाही. हा थर चार्टवर काढाच, फिकट पिवळा पट्टा काढला तरी चालेल. दुसरी चूक, सगळ्यांना शेपट्या. लॅक्टोबॅसिलस, बिफिडो, बहुतेक बॅक्टेरॉइड्स यांना नसतात. तिसरी, चार्टभर ई. कोलायच. तो शोधायला आणि वाढवायला सोपा म्हणून प्रसिद्ध झाला, पण आतड्यात तो शंभरात एखादाच सापडेल न सापडेल, बाकीच्या बहुतेकांना हवा लागली की ते मरतात म्हणून ते आपल्याला उशिरा कळले. आणि डोळे, दात, शिंगं असलेले राक्षस काढू नका हो. लहान पोरं ते बघून दही खायला सुद्धा बिचकतात, मी बघितलंय.

रंग तुमच्या मनाचे घ्या, पण एका कोपऱ्यात लिहा की रंग ओळखीसाठी दिलेत. आम्ही ग्रॅमप्रमाणे जांभळा-गुलाबीच ठेवला म्हणजे फोटो आणि चित्र जुळतात.

नावं लिहिताना चित्रावर फक्त आकडे घाला आणि खाली दोन याद्या, एक मराठीत एक कन्नडमध्ये. आपल्याकडे तालुक्याला बघणारे सर बहुतेक कन्नडवाले असतात आणि बघायला येणारी अर्धी मुलंही, आतडं म्हटलं तर कळायचं नाही, करुळु लिहिलं की लगेच थांबून वाचतात. भाचीच्या चार्टसमोर कन्नड शाळेतली दोन पोरं बराच वेळ उभी होती, हिने तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये आणि त्यांनी तोडक्यामोडक्या मराठीत बोलत बोलत मायक्रोस्कोपमध्ये दही बघितलं. मोसरूत हे असतं हे त्यांना पटत नव्हतं, मग त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचं दही डबीतून आणलं.

शेवटी मायक्रोस्कोप आवरून ठेवायचं, ते विसरू नका. तेलाची लेन्स लेन्स पेपरने हलक्या हाताने टिपा, रुमाल किंवा कापूस नको. खानापूरच्या पावसात कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशीचं जाळं धरतं, एकदा धरलं की काच कायमची खराब होते, चांगल्या चांगल्या शाळांचे मायक्रोस्कोप असे गेलेत. पेटीत सिलिका जेलची निळी पुडी ठेवा, आठवड्याने बघा, गुलाबी झाली असेल तर तिने दमट हवा ओढून घेतलीय, स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात मोठ्यांनी गरम केली की परत निळी होते आणि परत पेटीत.